घट

वाटणीत देव थोरल्याकडे राहिले.
माझ्याकडे एक सायकल, दोन पिंपं,
आणि आईचं बोलणं : घर केलंस तर देव आधी आण, गॅस मागनं.

गॅस आधी आला.
देवाला पगारानंतरच्या शनिवारपर्यंत थांबावं लागलं.

पापाच्या तिकटीला दुकानदारानं परात पुढं सारली :
चाळीसएक अन्नपूर्णा, पाठीला पाठ लावून,
स्टँडवर गारगोटी गाडीची वाट बघत बसल्यागत.
"घ्या की वो कुठलीबी. सगळ्या एकाच साच्यातल्या."

हे मला सांगू नये कुणी.
उद्यमनगरात सोळा वर्षं
मी हेच खोटं पकडायचा पगार घेतो.
एका साच्यातनं दोन सारख्या निघत नाहीत.
निघाल्या असत्या तर मला कुणी ठेवलं असतं?

उलट्या करून बघितल्या. सांध्यावर नख फिरवलं.
एकीची पळी अर्धीच भरलेली,
एकीच्या पदरावर कानस जास्त चाललेली,
एकीच्या बैठकीत भोक, जोंधळ्याएवढं.
विजयमालानं नेमकी तीच उचलली.

म्हटलं, भोक आहे. रिजेक्ट.
"तुम्ही आता कामावर न्हाईसा," ती म्हणाली.
"तोंड बघा तिचं.
जेवला का, विचारायच्या आधी बघतात तसं बघाय लागलीया."

दुकानदारानं तोलली. एकशे बेचाळीस ग्रॅम.
भोकाचे कमी करा म्हटलं, तर म्हणाला,
"भोकाचं वजन आम्ही धरतच न्हाई."

सुभाषनगरात दोन खोल्या.
ईशान्येला इन्व्हर्टर,
पूर्वेच्या भिंतीपलीकडं शेजाऱ्यांची मोरी.
फ्रिजवर ठेवली, तर कॉम्प्रेसर चालू झाला की
हातातली पळी थरथरायची.
शेवटी तांदळाच्या डब्याशेजारी, फळीवर.
तोंड पश्चिमेला आलं म्हणून मी कुरकुरलो.
"आंबाबाई कुठं बघती?" विजयमालानं विचारलं.
विषय संपला.

एका नोव्हेंबरात समोरच्या सोलरवरनं ऊन उडालं
आणि दोन मिनिटं पळीवर येऊन बसलं.
मीरजा तेव्हा बालवाडीत. "किरणोत्सव!" म्हणून
जिना उतरून सगळ्या बिल्डिंगला सांगून आली.
लोक वर येईपर्यंत ऊन मिक्सरवर गेलं होतं.

शुक्रवारी चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ,
निऱ्यांत जुना ब्रश, हलक्या हातानं,
मग माझ्या धुवट बनियनचं फडकं.
खालच्या वाटीतले तांदूळ बदलायचे,
जुने त्याच रात्री भातात.
एवढंच. मंत्र आम्हाला येत नाहीत.
मी दौऱ्यावर असलो तर विजयमाला,
ती माहेरी असली तर मी. ब्रश माझाच जरा जोरात चालतो.

आणली त्या दिवशी, सवयीनं,
व्हर्नियर लावून उंची घेतली होती.
कपाटाच्या दारामागं पेन्सिलीनं : ५७.८६.
काल, घट बसायच्या आदल्या दिवशी, पुन्हा लावला.
५७.५२.

अकरा वर्षांत चौतीस शतांश.
नाक जवळपास गेलंय. डोळे आहेत म्हटलं तर आहेत.
भट्टीत आम्ही दोन टक्के घट धरूनच चालतो,
धुरात जाते, मळीत जाते, कुणी विचारत नाही.
ही कुठं गेली?
चिंचेच्या पाण्यातनं कढीपत्त्याच्या कुंडीत,
बनियनच्या चिंधीत,
मीरजाच्या अंगठ्याखाली, परीक्षेच्या सकाळी.
भातातनं थोडी आमच्यातही, असेल.

भोक मात्र भरत आलंय.
हळद, कोळ, कुंकू, काळं काहीतरी,
बैठकीच्या जवळजवळ बरोबरीनं.
सुईनं काढू का, विचारलं.
विजयमाला परडीत माती पसरत होती, वर न बघता म्हणाली,
"तेवढंच तर आपलं हाय तिच्यात. ऱ्हाऊ दे."

मी आकडा लिहिला. तारीख टाकली.
शेरा काय लिहावा, सुचेना.

"आणि तो व्हर्नियर पुसून ठेवा," ती म्हणाली,
"कुंकू लागलंय त्याला."